उकळल्यावर विष जातं का?

रानजाई

प्रश्न घरातल्या वादातून आलाय, पण मला खरंच उत्तर हवंय.

रात्री झाकून ठेवलेला भात सकाळपर्यंत ओट्यावरच राहिला. फ्रीजमध्ये ठेवायला कुणालाच आठवलं नाही. मी टाकून द्यायला निघाले, तर दीर म्हणाले, "वहिनी, शंभर डिग्रीला काही जिवंत राहत नाही. पाणी घालून खळखळून उकळा, झालं." सासूबाईंचं मत असं की वास आला नाही म्हणजे भात चांगला आहे. मी एकटी पडले.

मग वाचायला बसले आणि गोंधळ वाढला. एका ठिकाणी लिहिलंय की कच्च्या राजम्यात विष असतं, पण शिजवलं की जातं. दुसरीकडे लिहिलंय की फुगा माशाचं विष कितीही शिजवा, जात नाही. विषारी अळंबीचंही तसंच. बोटुलिझमचं (डबाबंद अन्नातून वगैरे होणारी विषबाधा) विष जगातलं सगळ्यात जहाल, तरी म्हणे ते उकळल्यावर निकामी होतं! जहाल असलेलं जातं आणि बाकीची राहतात, हे काय गणित आहे? सजीवांनी बनवलेल्या विषांना उष्णतेचा काही एक नियम आहे की नाही?

टवाळ_टिटवी

नियम माहीत नाही, पण तो भात आधी दिरांना वाढा.

निवृत्त_ऑटोक्लेव्ह

रानजाई, तुमच्या दिरांचं अर्धं बरोबर आहे. शंभर अंशांना बहुतेक जंतू मरतात. पण मरण्याआधी त्यांनी अन्नात जे सोडून ठेवलंय ते जिवंत कधीच नव्हतं, मग ते मरणार कसं?

माझी सगळी नोकरी इंजेक्शनं बनवणाऱ्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलच्या मायक्रोबायोलॉजी विभागात गेली. तिथे रोज हाच प्रश्न असायचा. शिरेतून द्यायचं औषध १२१ अंशांवर, वाफेच्या दाबाखाली, पंधरा मिनिटं ठेवलं की त्यातला एकही जंतू उरत नाही. तरी ते औषध माणसाला तासाभरात हुडहुडी भरवू शकतं. कारण त्यात मेलेल्या जंतूंच्या आवरणाचे तुकडे असतात. ग्राम-निगेटिव्ह म्हणून बॅक्टेरियांचा एक मोठा गट आहे, त्यांच्या बाहेरच्या पापुद्र्यात चरबी आणि साखर जोडून बनलेला एक रेणू असतो, त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेच्या दाबाचं ते यंत्र, त्याचं फारसं काही वाकडं करू शकत नाही. ते घालवायला काचेच्या कुप्या कोरड्या उष्णतेत २५० अंशांवर अर्धा तास तापवाव्या लागतात. औषध तर असं तापवता येत नाही, म्हणून त्यात वापरायच्या पाण्यापासूनच काळजी घ्यावी लागते. १९२० च्या दशकात फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकन संशोधिकेने दाखवून दिलं की डिस्टिल्ड वॉटरच्या इंजेक्शननंतर येणाऱ्या तापाचं मूळ पाण्यात वाढून गेलेल्या बॅक्टेरियांमध्ये आहे. (हेच एंडोटॉक्सिन पोटात गेलं तर एरवी काही होत नाही, आतड्यात ते भरपूर असतंच. रक्तात गेलं की गडबड.)

तपासणी कशी होते तेही सांगतो, कारण मला ती अजूनही जादूसारखी वाटते. हॉर्सशू क्रॅब नावाचा समुद्री प्राणी आहे. त्याचं रक्त निळं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं. त्याच्या रक्तपेशींचा अर्क एंडोटॉक्सिन दिसताच गोठतो. बारक्या काचेच्या नळीत ०.१ मिली नमुना आणि तेवढाच अर्क घालायचा, ३७ अंशांवर एक तास ठेवायचं आणि मग नळी एका संथ हालचालीत पूर्ण उलटी करायची. पाण्यासारखं खाली ओघळलं तर नमुना पास. तळाशी घट्ट चिकटून राहिलं तर सगळी बॅच अडकली. त्या तासात नळीला धक्का लागू द्यायचा नाही, कारण गोठायला लागलेलं एकदा मोडलं की पुन्हा जमत नाही आणि निकाल खोटा येतो. नव्या मुलांना मी आधी हात न थरथरता नळी उलटी करायला शिकवायचो, सूत्रं नंतर.

आता तुमचं गणित. विष जहाल किती आणि उष्णतेला टिकतं किती, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. बघायचं एवढंच की तो रेणू कसला आहे आणि त्याचं काम कशावर अवलंबून आहे.

बोटुलिनम हे भलं मोठं प्रथिन. वजन दीड लाख डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक). त्याचा एक भाग मज्जातंतूला चिकटतो, दुसरा आतल्या भागाला पेशीत शिरायला मदत करतो आणि तो आतला भाग कात्रीचं काम करतो. मज्जातंतूच्या टोकाला, स्नायूला निरोप देणारं रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन बाहेर सोडणारी जी प्रथिनं असतात त्यांना तो कापतो. स्नायूला निरोपच पोचत नाही, तो लुळा पडतो, शेवटी श्वासाचे स्नायूही. माणसाला मारायला वजनाच्या दर किलोमागे काही नॅनोग्रॅम रक्तात गेले तरी पुरतात. पण हे सगळं साधतं ते त्या लांबलचक साखळीच्या अचूक घड्यांमुळे. अन्न आतपर्यंत ८५ अंशांना पाच मिनिटं तापलं की घड्या उलगडतात, आणि अंड्याचा पांढरा भाग जसा एकदा शिजल्यावर परत पातळ होत नाही तसं ते प्रथिन पुन्हा कामाला येत नाही. म्हणून जगातलं सगळ्यात जहाल विष साध्या उकळीला हरतं.

फुगा माशातलं टेट्रोडोटॉक्सिन उलट प्रकारचं. तो चिमुकला, घट्ट बांधणीचा रेणू आहे. घड्याच नाहीत, तर उलगडणार काय? तो मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्यांच्या तोंडात बसतो आणि शिजवल्यावरही बसतोच. गंमत म्हणजे मासा स्वतः तो बनवत नाही. बनवतात बॅक्टेरिया, आणि अन्नसाखळीतून तो माशात साठतो. त्या अन्नसाखळीपासून तोडून वाढवलेले मासे बिनविषारी निघतात.

डेथ कॅप अळंबीतलं अमॅनिटिन आठ अमिनो आम्लांचं, पण साखळीची दोन्ही टोकं जोडलेली आणि वर मधून एक आडवा पूल. शिजवा, वाळवा, गोठवा, ते तसंच. ते पेशीतलं आरएनए बनवणारं यंत्र बंद पाडतं. खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, मग बरं वाटल्यासारखं होतं आणि त्याच काळात यकृत संपत आलेलं असतं.

भाताचं वेगळं लिहितो, जेवायला हाक आली.

पाणमांजर

निवृत्त काकांच्या मुद्द्याला समुद्रातून दुजोरा देतो. मी डायव्हिंग शिकवतो. स्टोनफिश, पाकट (स्टिंगरे), वीव्हर असल्या माशांचा काटा टोचला तर पहिला उपचार म्हणजे सोसेल इतक्या गरम पाण्यात हातपाय बुडवणं. साधारण ४५ अंश, त्याच्या वर नाही, अर्धा ते दीड तास. यांची विषं प्रथिनांची आणि नाजूक. वेदना बऱ्याचदा झपाट्याने उतरते. अर्थात त्यातलं किती श्रेय विष मोडण्याचं आणि किती उष्णतेने वेदनेची संवेदना दबण्याचं, यावर डॉक्टरांमध्ये चर्चा चालते. दुखरा भाग बधिर झालेला असतो, त्यामुळे पाण्याचा अंदाज दुसऱ्या, धड हाताने घ्यायचा. नाहीतर विषापेक्षा भाजण्याचीच जखम मोठी होते. आणि पाण्यातून बाहेर काढल्यावर डॉक्टरकडे न्यायचंच. काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

अडाणी_अभ्यासक

मग साप चावल्यावर तिथे गरम पाणी ओतलं तर?

निवृत्त_ऑटोक्लेव्ह

अजिबात नको! सापाचं विष दातांनी आत सोडलेलं असतं आणि पसरायला लागलेलं असतं. शिवाय नागाच्या विषातली श्वास बंद पाडणारी प्रथिनं इवलीशी असतात, साठ-सत्तर अमिनो आम्लांची, आणि गंधकाच्या चार-पाच टाक्यांनी आतून शिवलेली. त्यांना उष्णता चांगलीच सोसते. त्यांना मोडेल इतक्या उष्णतेत माणसाचा पाय आधी शिजेल. गरम पाणी, डाग देणं, चिरा मारणं, सगळं बंद. पाय हलू न देता दवाखाना गाठायचा आणि प्रतिविष घ्यायचं.

आता भात. कच्च्या तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या बॅक्टेरियाचे बीजाणू असू शकतात. हे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत, उलट शिजण्याची ऊब लागून जागे होतात. शिजलेला, ओलसर, कोमट भात रात्रभर बाहेर म्हणजे त्यांची चंगळ. वाढता वाढता ते सेर्युलाइड नावाचं विष सोडतात. बारा दुव्यांची ती एक बंद कडी आहे. तिला १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी ती शाबूत राहते, पोटातल्या आम्लालाही दाद देत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत उलट्या. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं, पण क्वचित यकृत निकामी होऊन मृत्यूही झालेले आहेत. आणि सासूबाईंना सांगा, हिला ना वास ना चव.

भात टाकून द्यायला निघालात ते योग्यच केलंत.

रानजाईचा_दीर

नमस्कार. तो दीर मीच. वहिनींनी लिंक पाठवली.

दोन शंका. एक, पहिल्या उत्तरात तुम्ही म्हणालात की प्रथिन असेल तर उष्णतेने मोडतं. पण स्टॅफिलोकोकसचं विष प्रथिनच आहे आणि ते उकळून जात नाही असं मी आत्ताच वाचलं. मग तुमचा नियम गळका नाही का? दोन, प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० च्या आसपास जातं. मग कुकरमध्ये सगळंच मिटायला हवं.

निवृत्त_ऑटोक्लेव्ह

या, या. इंजिनिअर दिसता, शंका नेमक्या काढल्यात.

पहिली. प्रथिन असलं की मोडतंच असं मी म्हटलेलं नाही, घड्यांवर काम अवलंबून असेल तर मोडतं असं म्हटलं. त्या घड्या किती पक्क्या आहेत हा पुढचा प्रश्न. स्टॅफिलोकोकस ऑरियसचं एंटरोटॉक्सिन बोटुलिनमच्या पाचव्या हिश्श्याएवढं, आटोपशीर आणि घट्ट. अर्धा तास उकळलं तरी त्यातलं पुरेसं टिकून राहतं. हा जंतू माणसाच्या नाकात आणि कातडीवर असतो. बोटाला पिकलेली जखम घेऊन कुणी स्वयंपाक केला, अन्न तासन्‌तास कोमट राहिलं, वाढताना परत उकळलं. जंतू सगळे मेलेले, प्रयोगशाळेत वाढवायला गेलं तर बशी कोरी, आणि पंगतीतली माणसं तीन तासांत ओकतायत.

याहून सुंदर उदाहरण ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियाचं आहे. जुलाब करणाऱ्या तिच्या एका प्रकारात एकच जंतू दोन विषं बनवू शकतो. एक मोठं, कॉलऱ्याच्या विषाचं भावंड, जे ६५ अंशांना अर्ध्या तासात निकामी होतं. दुसरं जेमतेम अठरा-एकोणीस अमिनो आम्लांचं, गंधकाच्या तीन टाक्यांचं, जे उकळीतून सहीसलामत बाहेर येतं. संशोधकांनी त्यांची नावंच उष्णतेला हरणारं आणि उष्णतेला टिकणारं अशी ठेवली आहेत. म्हणजे तुमच्या घरचा वाद शास्त्रात चांगला जुना आहे. १८८८ मध्ये पॅरिसला रू आणि येर्सिन यांनी घटसर्पाच्या जंतूंचं पाणी चिनी मातीच्या गाळणीतून गाळून जंतू वेगळे काढले आणि नुसत्या गाळलेल्या पाण्याने गिनिपिग मेले. तेव्हा कळलं की मारणारा जंतू आणि मारणारं विष वेगळं काढता येतं. पुढे चारच वर्षांत फायफर यांनी उलटं दाखवलं. कॉलऱ्याचे जंतू तापवून मारले, तरी ती मेलेली शरीरं विषारीच! तेच आमचं एंडोटॉक्सिन.

दुसरी शंका, कुकर. कुकरने बीजाणू मरतात, तो त्याचा मोठा उपयोग. बोटुलिनमच्या जंतूचे बीजाणू साध्या उकळीत तासन्‌तास तग धरतात. १२१ अंशांवर तीन मिनिटं मिळाली की संपतात, आणि डबाबंद अन्नाचा सगळा उद्योग या आकड्यावर उभा आहे. १८९५ च्या डिसेंबरमध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावी एका अंत्ययात्रेला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. कित्येक जण आजारी पडले, तिघं गेले. व्हॅन एर्मेंगेम यांनी त्या मांसातून आणि एका मृताच्या प्लीहेतून हा जंतू शोधून काढला. त्याला हवा चालत नाही, म्हणून बाटलीत, तेलाखाली, डब्यात तो सुखाने वाढतो. आंबटपणा पुरेसा असेल, पीएच ४.६ च्या खाली, तर वाढत नाही.

पण फुगलेला डबा हाती आला तर "उकळून विष जातं" म्हणून प्रयोग करू नका. चाखूसुद्धा नका. उष्णता मधोमध ८५ ला पोचली का, हे तुम्ही ओट्याशी उभं राहून सांगू शकत नाही. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध देत नाहीत त्याचं कारणही हेच बीजाणू. बाळाच्या आतड्यात त्यांना राहायला जागा मिळते आणि विष तिथेच बनतं. तिथे कुठला कुकर लावणार?

सेर्युलाइड मात्र कुकरला दाद देत नाही हे वर आलंच.

गोठ्यातला_डॉक्टर

मी जनावरांचा डॉक्टर, म्हणून बुरशीचं टाकतो. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. आधी साथ वाटली. मग धागा खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचला आणि त्यातून अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन सापडलं. हे उष्णतेच्या बाबतीत फार निगरगट्ट आहे, अडीचशे अंशांच्या पुढे जाऊन मोडतं. भाजल्याने थोडं कमी होतं, जात नाही. गायीने बुरशीचं खाद्य खाल्लं की तिचं यकृत त्याचं रूप बदलतं आणि एका दिवसात ते दुधात उतरतं. पाश्चरायझेशनने दुधातले रोगजंतू मरतात, हे तसंच राहतं. यकृताच्या कर्करोगाशी याचा संबंध पक्का सिद्ध आहे. म्हणून उपाय चुलीवर शोधू नका. धान्य कोरडं ठेवा, काळपट, सुरकुतलेले, बुरशी लागलेले दाणे निवडून फेका. बुरशीचा डाग खरवडून उरलेलं गुरांना घालणाऱ्यांना मी फार बोललोय.

रानजाई

भावजी आता गप्प आहेत, ही मोठी गोष्ट. सासूबाईंनी मात्र सगळं वाचून घेतलं आणि विचारलं, की असं काही आहे का जे उकळल्यामुळे उलट बिघडतं? मी हसले, पण मलाही माहीत नाही. आणि राजम्याचं राहिलंच.

निवृत्त_ऑटोक्लेव्ह

सासूबाईंना नमस्कार सांगा. पूर्ण पानभर चर्चेतला सगळ्यात चांगला प्रश्न त्यांचा.

आहे. कडू कसावा. त्याच्या कंदात सायनाइड सुटं नसतं. साखरेला बांधलेला लिनामरिन नावाचा रेणू एका कप्प्यात आणि त्याला फोडणारं एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असतं. कुणी कंद चावला की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. आता सरळ अख्खा कंद उकळत्या पाण्यात टाकलात तर एन्झाइम प्रथिन असल्यामुळे आधी तेच मरतं आणि लिनामरिन बराचसा तसाच मागे राहतो. तो पोटात गेला की आतड्यातले बॅक्टेरिया फोडायचं काम करू शकतात. म्हणून आधी किसायचं, आंबवायचं किंवा भिजवून ठेवायचं, त्या एन्झाइमला पोटभर काम करू द्यायचं. सुटलेला हायड्रोजन सायनाइड २६ अंशांनाच उकळतो, म्हणजे उघड्यावर आपोआप उडून जातो. शिजवणं त्यानंतर. इथे उष्णता घाईने दिली तर ती विषाच्याच बाजूने उभी राहते.

राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे प्रथिन असतं, आतड्याच्या अस्तराला चिकटणारं. कच्चे चार-पाच दाणे चावून खाल्ले तरी काही तासांत जोरदार उलट्या. हे खऱ्या उकळीने जातं, नुसत्या गरमपणाने जात नाही. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात राजमा ७०-७५ अंशांवर रेंगाळत राहिला तर दाणा मऊ होतो आणि शिजल्यासारखा दिसतो, पण विष मोडत नाही. अशा अर्धवट तापवलेल्या राजम्यात त्याचा प्रभाव कच्च्यापेक्षाही वाढलेला आढळलाय. तेव्हा किमान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा आणि मगच मंद भांड्यात टाका. साध्या कुकरमध्ये नेहमीसारखा गाळ शिजवत असाल तर काळजी नाही.

रानजाईचा_दीर

आमच्याकडे ते मंद आचेचं भांडं मीच हौसेने आणलंय. राजमा त्यातच होतो, पण आधी कुकरच्या शिट्ट्या काढून. वहिनींना विचारून खात्री केली.

आणि फ्रीजचं काय? थंडीने विष मोडतं का?

निवृत्त_ऑटोक्लेव्ह

थंडीने काहीच मोडत नाही. आम्ही विषांचे नमुने टिकवायलाच फ्रीझरमध्ये ठेवायचो. फ्रीज जंतूंचं विष बनवणं लांबवतो, तेही सगळ्यांचं नाही. बोटुलिनमचा ई प्रकार, जो मासळीत सापडतो, ३ अंशांवरही हळूहळू वाढू शकतो. भाताला मात्र फ्रीज पुरतो, फक्त शिजल्यावर तास-दोन तासांत आत जायला हवा. पातेलंभर तसाच ठेवलात तर मधला गोळा कितीतरी वेळ कोमट राहतो. ताटात पातळ पसरा, वाफ गेली की डब्यात भरा.